शुगर असलेल्या बाईनं जेवणासाठी थांबू नये

रक्तदाबावरचा कार्यक्रम झाल्यापासून ‘आता शुगरबद्दल बोला’ असे निरोप गटागटांतून येत होते. आज तेच बोलू. मला शुगर निघाली त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हा माझी धाकटी अंगणवाडीत जात होती. पण माझं पुराण लावायला मी इथं बसलेली नाही. शुगर म्हणजे काय, गोड खावं की नाही, हे तुम्ही दवाखान्याच्या भिंतीवर वाचलंय, आशाताईंकडून ऐकलंय. त्यातली एक गोष्ट मात्र राहून जाते. शुगर असलेली बाई घरात जेवते कधी, आणि ती जेवायला बसते तेव्हा पातेल्यात उरलेलं काय असतं?

आधी एक गैरसमज बाजूला करू. ‘आपण उन्हातान्हात राबणाऱ्या, आपल्याला कशाची शुगर? ती खुर्चीत बसणाऱ्यांना होते,’ असं अजून ऐकू येतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची देशभरातली पाहणी 2023 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात देशातल्या 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. हे सगळे काही शहरातले नाहीत. आणि सगळे जाडजूड तर मुळीच नाहीत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले. त्यांना असं दिसलं की आपल्याकडचं बाळ वजनाला कमी, हातापायांनं बारीक, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त घेऊन जन्माला येतं. अशा शरीराला पुढं शुगरचा धोका जास्त. म्हणून काडीसारखी बाई, दिवसभर खुरपणारी बाई, तिलाही शुगर निघते. तपासल्याशिवाय कळत नाही.

तर आता आपल्या घरातली सकाळ बघा. पाचला उठायचं. चहा, त्यात दोन चमचे साखर. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, ‘ही गोळी सकाळी घ्या.’ बाई चहाबरोबर गोळी घेते आणि कामाला लागते. पाणी भरायचं, गोठा झाडायचा, धार काढायची, पोरांचे डबे, म्हाताऱ्यांचं अंघोळपाणी. पोरं शाळेत गेली की भाकरी फडक्यात बांधून रानात. पहिला घास पोटात जातो अकराला, कधी बाराला. गोळी घेतली सहाला. मधले पाच-सहा तास पोटात नुसता चहा आणि अंगावर कष्टाचं काम.

शुगरच्या गोळ्या सगळ्या एकसारख्या नसतात. मेटफॉर्मिन ही गोळी एकटी असेल तर शुगर फार खाली पाडत नाही. पण रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ आणि जुलाब होऊ शकतात, म्हणून ती जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्यावर घ्यायची. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या नावांच्या गोळ्या वेगळ्या. त्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवलात की नाही याची वाट बघत नाहीत. जेवणाच्या वेळी घ्यायच्या इन्सुलिनच्या इंजेक्शनचंही तसंच. म्हणून ‘सकाळी गोळी’ याचा अर्थ ‘सकाळच्या जेवणाला गोळी’ असा असतो, चहाला नव्हे. डॉक्टरांना घाई असते, ते एवढं फोड करून सांगत नाहीत. आपण विचारायचं: ‘डॉक्टर, ही गोळी कोणत्या जेवणाला? आणि जेवायला दोन तास उशीर झाला तर काय होईल?’ पाकिटावरचं नाव फोनवर फोटो काढून ठेवा, म्हणजे दुसरीकडे दाखवताना ‘पांढरी गोळी’ म्हणायची वेळ येत नाही.

उशीर झाला तर शुगर उतरते. यंत्रावर 70 च्या खाली आकडा आला की ती कमी समजायची. तेव्हा हात थरथरतात, गार घाम सुटतो, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, जीभ जड होते. आणि एक लक्षण असं की ज्याला घरात कुणीच आजार म्हणत नाही: बाई चिडते. मेंदूला साखर कमी पडली की माणसाचा तोल जातो, बरळल्यासारखं बोलतं, समोरच्यावर खेकसतं. आमच्या गटातल्या एकीनं मला सांगितलं, ‘पोरीनं तांब्याभर दूध सांडलं आणि मी तिच्या पाठीत धपाट्यावर धपाटे घातले. नंतर मलाच कळेना, एवढं काय झालं होतं.’ हे दोनदा झालं, तीनदा झालं. सासूबाई म्हणाल्या, हिच्या अंगात येतं. नवरा म्हणाला, हिचा स्वभावच बिघडला. पुढे एकदा उपकेंद्रात तपासायला गेली असताना तिथंच तिला घाम फुटला, ताईंनी लगेच बोटाचं रक्त पाहिलं तर शुगर 58. वेळ सकाळची साडेदहा, पोटात काही नाही. गोळीची वेळ भाकरीबरोबर केली, आणि त्या पोरीचा मार थांबला. म्हणून म्हणते, तुमच्या घरात शुगरवाली बाई ठरावीक वेळी चिडत असेल तर तिच्या स्वभावावर बोलण्याआधी ती जेवली का, ते बघा.

शुगर उतरली असं वाटलं तर काय करायचं? तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पावडर पाण्यात विरघळवून प्यायची. बिस्किट, चिवडा शोधत बसायचं नाही, साखर लवकर रक्तात जाते. पंधरा मिनिटं बसायचं. बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच घ्यायची. बरं वाटलं की भाकरी किंवा पोळी खायची, नाहीतर शुगर परत उतरते. रानात जाताना पदराच्या गाठीला किंवा डब्यात साखरेची पुडी असू द्या. एकटी लांबच्या वावरात जाणार असाल तर सोबतणीला सांगून ठेवा.

आता रात्रीची गोष्ट. पोरं साडेसातला जेवतात. मालक येतात नऊला. सगळ्यांना वाढून, चुलीपुढचं आवरून बाई बसते तेव्हा दहा वाजलेले. आणि उरलेलं काय असतं? डाळ आटून गेलेली, भाजी पोरांनी संपवलेली, अंडं केलं असेल तर ते बापाच्या आणि मुलाच्या ताटात गेलेलं. राहतो भात, भाकरीचा चतकोर, आमटीचं पाणी. वर पोरांनी ताटात टाकलेलं, ते कसं फेकायचं म्हणून तेही आपल्याच पोटात. पोट भरतं, पण भरतं सगळं पिठानं. ज्या माणसाला डाळ, मटकी, हुलगा, पालेभाजी सगळ्यात जास्त हवी, त्याच माणसाच्या वाट्याला ते येत नाही. मग तीन महिन्यांची शुगर वाढलेली निघते आणि डॉक्टर म्हणतात, ‘बाई, तुम्ही पथ्य पाळत नाही.’ पथ्य पाळायला ताटात काही असायला नको का?

मी कुणाला घरात भांडण करायला सांगत नाही. पण शेवटी जेवायची रीत आणि शुगरचं औषध यांचं जमत नाही, हे सरळ सांगायला हवं. आमच्याकडे काही जणींनी वाट काढली ती अशी. पोरांना वाढताना आपलंही ताट वाढून घ्यायचं आणि त्यांच्याबरोबर जेवायचं. मालक आले की त्यांना वाढायचं, शेजारी बसायचं, बोलायचं, नुसतं खायचं नाही. एकीच्या सासूबाईंना हे पटेना, तेव्हा ती त्यांनाच पुढच्या खेपेला दवाखान्यात घेऊन गेली. जेवणाची वेळ चुकवायची नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर सासूबाईच आता साडेसातला हाक मारतात. सुनेनं सांगितलं तर उद्धटपणा, डॉक्टरांनी सांगितलं तर औषध. असो, काम झालं म्हणजे झालं. डाळ-भाजी आपल्यापुरती आधी वाटीत काढून झाकून ठेवायची, हाही एक उपाय. त्यात चोरी कसली?

आपल्यासाठी वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही. जे आपल्याला चांगलं तेच पोरांनाही चांगलं. भाकरी ज्वारीची असो, बाजरीची असो, तिच्यानं शुगर वाढतेच, पण भाजी-डाळीबरोबर मोजून खाल्ली तर सावकाश वाढते. ‘ज्वारीची आहे, कितीही खा’ हे खरं नाही. भात सोडायचा नाही, कमी करायचा. गूळ साखरेपेक्षा चांगला, असं शुगरच्या बाबतीत नसतं. आणि चहा मोजा. घरी दोन, रानात दोन, कुणाकडे गेलं की एक, बैठकीत एक. दोन-दोन चमच्यांनी हिशेब केलात तर दिवसाला बारा चमचे साखर होते. आमच्या गटाच्या बैठकीत आता बिनसाखरेचा चहा येतो, साखरेची बरणी बाजूला. हवी तिनं घालून घ्यावी.

उपवासाचा प्रश्न नेहमी निघतो. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस, त्यात हरतालिकेचा निर्जळी. दोन बाजूंनी धोका. काही न खाता गोळी किंवा इन्सुलिन घेतलं तर शुगर पडते. आणि साबुदाण्याची खिचडी, बटाटा, भगर खाल्ली तर ती चढते, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. दिवसभर उपाशी आणि संध्याकाळी थाळीभर खिचडी, म्हणजे आधी खड्डा मग डोंगर. आजाऱ्याला आणि बाळंतिणीला उपवासातून सूट असते, हे आपल्या आज्याही सांगत आल्या. रोजे ठेवणाऱ्या बहिणींनाही आजारात सवलत आहे. तरीही करायचाच असेल तर आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारा, त्या दिवशीचं औषध कमी करायचं का, वेळ बदलायची का. मनानं गोळी बंद करू नका आणि मनानं चालूही ठेवू नका.

पोरांना किती सांगावं? मला वाटतं, सगळं सांगावं, त्यांच्या वयाला झेपेल तसं. आई काहीतरी लपवते एवढं पोरांना लगेच कळतं आणि ती त्याहून भलतं काहीतरी मनात धरतात. ‘आईला शुगर आहे, ती एकमेकांना लागत नाही, आई रोज औषध घेते’ एवढं सहा वर्षांच्या पोरालाही समजतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला साखरेचा डबा कुठं आहे, तीन चमचे म्हणजे किती, हे करून दाखवा. एक गोष्ट पक्की पाठ करून घ्या: आई हाकेला ओ देत नसेल, बेशुद्ध असेल, तर तिच्या तोंडात पाणी, साखर काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तिला एका कुशीवर वळवायचं, शेजारच्या मोठ्या माणसाला हाक मारायची आणि 108 ला फोन करायचा. हे काम मुलीलाच शिकवायचं असं नाही. मुलालाही शिकवा.

लग्नाच्या मुली असलेल्या आया शुगर लपवतात, ‘आईला आहे म्हणजे मुलीलाही असणार’ असं सोयरे म्हणतील म्हणून. आईबापांना असेल तर मुलांना धोका जास्त असतो, हे खरं. पण लपवल्यानं तो कमी होत नाही. उलट गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवून ठेवणारी बाई त्या वेळेवर घेऊ शकत नाही.

मुलींचा विषय निघालाच आहे तर गरोदरपणातल्या शुगरचं सांगते. पहिल्या तपासणीला आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त बघतात. आकडा 140 किंवा त्याच्या वर आला तर गरोदरपणातली शुगर समजतात. यासाठी उपाशी यावं लागत नाही. पाणी गोड लागतं, मळमळतं, म्हणून मुली टाळतात. टाळू देऊ नका. बाळंत झाल्यावर ही शुगर बहुतेक वेळा उतरते आणि सगळे विसरून जातात. पण दीड महिन्यानं पुन्हा तपासायचं असतं आणि त्यानंतरही वर्षाला एकदा, कारण अशा बाईला पुढं कायमची शुगर होण्याची शक्यता जास्त असते.

आता थोडं, जे आपण एकमेकींतही हळू आवाजात बोलतो. लघवीच्या जागी सारखी खाज येणं, अंगावरून पांढरं जाणं, लघवीला वारंवार जळजळ. मलम लावून बरं होतं आणि पुन्हा येतं. यामागे शुगर असू शकते. ‘बायकांचा त्रास’ म्हणून वर्ष-वर्ष अंगावर काढणाऱ्या कितीतरी जणी आहेत. नर्सताईंना सांगा, शुगर तपासून घ्या.

आणि पाय. शुगरनं पायाच्या नसा बधिर होतात, आधी मुंग्या येतात, मग काहीच कळेनासं होतं. काटा रुततो, चप्पल चावते, चुलीजवळ भाजतं, पत्ता लागत नाही. आठ दिवसांनी जखम चिघळलेली दिसते. झोपताना रोज दोन्ही तळपाय बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. आपल्याला वाकून दिसत नसेल तर पोरांना बघायला सांगा किंवा आरसा खाली ठेवा. भेगांना तेल लावा, पण बेचक्यांत नको. कुरूप ब्लेडनं कापू नका. रानात अनवाणी नको, निदान मागं पट्टा असलेली मऊ तळाची चप्पल असावी. आणि पाय शेकायला गरम पाण्यात बुडवू नका, पाणी किती कढत आहे हे त्या पायांना कळत नाही.

तपासणी कुठं करायची? तीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येकीची शुगर आणि रक्तदाब तपासायचा, असा सरकारचा कार्यक्रमच आहे. आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात तो त्याचाच. ‘नंतर या’ म्हणून त्यांना परत पाठवू नका. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, बोटाच्या रक्तावर तिथं लगेच आकडा कळतो. उपाशी पोटी 126 किंवा जास्त आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पक्की तपासणी करून घ्यायची. आपल्या राज्यात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. गोळ्या एकदम महिन्याच्या मागा, म्हणजे सारखा खाडा पडत नाही. बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनिन बघून घ्यायचं. डोळे आणि मूत्रपिंडं न दुखताच बिघडतात.

काही गटांनी मिळून शुगर बघायचं यंत्र घेतलंय. चांगलं केलंत. यंत्र एक चालेल, पण टोचायची सुई प्रत्येकीची आणि प्रत्येक वेळी नवी. सुई पुसून दुसरीला टोचली तर कावीळ आणि एचआयव्ही पसरू शकतो. टोचायचं पेनही एकीचं दुसरीनं वापरायचं नाही.

फोनवर आलेले दोन प्रश्न घेते. पहिला, कारल्याचा रस किंवा जांभळाच्या बियांची पूड घेऊन गोळ्या बंद करता येतील का? नाही. कारलं भाजी म्हणून खुशाल खा. पण गोळीची जागा ते घेत नाही. आणि कुणी बाबा पुडीत काय घालून देतो ते आपल्याला माहीत नसतं.

दुसरा प्रश्न इन्सुलिन घेणाऱ्या एका ताईंचा आहे, घरात फ्रीज नाही. एका मोठ्या मडक्यात वाळू घाला, ती भिजवा, त्यात लहान मडकं बसवा आणि बाटली पाणी लागणार नाही अशा डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा, वर ओलं फडकं. हे सावलीत, वाऱ्यावर ठेवायचं, वाळू ओली राहील असं बघायचं. चालू बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, साधारण चार आठवड्यांत ती संपवायची असते. शेजारणीच्या फ्रीजमध्ये ठेवत असाल तर बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. आणि ताई, बाटली आणि सिरिंज यांचा आकडा जुळतो का तेवढं आजच बघा. बाटलीवर 40 लिहिलेलं असेल तर सिरिंजही 40 ची, तिचं टोपण लाल असतं. 100 असेल तर 100 ची, तिचं नारिंगी. 100 चं औषध 40 च्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरलं तर अडीचपट जास्त जातं. दुकानदारानं दुसरी दिली तर परत करा, हातात पैसे देण्याआधी टोपण बघा.

पुढच्या वेळी उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी ताई डोळ्यांच्या तपासणीबद्दल बोलायला येणार आहेत. तुमचे प्रश्न गटाच्या अध्यक्षांकडे लिहून द्या.